काचबिंदूच्या संशयाने पुढे पाठवताना चिठ्ठीवर काय लिहावं?

विटेकर चष्मेवाले

नमस्कार मंडळी. विट्यात चष्म्याचं दुकान आहे. दुकानात ऑटोरिफ्रॅक्टर (नंबर काढायचं यंत्र), स्लिट लॅम्प (उजेडाच्या बारीक फटीत डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) आणि हवेची फुंकर मारणारं एनसीटी एवढी सामग्री. चाळिशीपुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं डोळ्यातलं प्रेशर त्यावर बघायची पद्धत ठेवलीय. अडचण पुढची आहे. आकडा जास्त आला की माणसाला सांगली-मिरजेला पाठवावं लागतं, म्हणजे त्याचा एक दिवस जातो, सोबत घरचा एक माणूस लागतो, आणि द्राक्षाचा हंगाम असेल तर बाग सोडून कुणी येत नाही. त्यामुळे उगाच पाठवायचं नाही आणि खरा पेशंट सोडायचाही नाही.

सध्याचं उदाहरण देतो. बाई, वय 58, दोन्ही डोळ्यांना लांबचा नंबर +2.75. एनसीटी उजवा 24, 21, 20. डावा 19, 18, 19. मोठ्या भावाला काचबिंदू आहे म्हणतात. तक्रार एवढीच की जवळचं वाचताना डोकं दुखतं.

विचारायचं ते असं: यातला कुठला आकडा धरायचा? पुढे कुठल्या तपासण्या होतात, एका दिवसात उरकतात का? आणि चिठ्ठीवर काय लिहिलं तर समोरच्याला खरंच उपयोग होईल?

मिरज ऑप्टोम

24, 21, 20 असे उतरते आकडे आले की पहिला सोडून द्यायचा. पहिल्या फुंकरीला माणूस दचकतो, श्वास रोखतो, पापण्या आवळतो. प्रेशर डोळ्यात नसतं, पापण्यांत असतं. त्यांना आधी हातावर एक फुंकर मारून दाखवा आणि मगच मोजायला सुरुवात करा. तिन्ही आकडे एकमेकांच्या तीनच्या आत आले तर सरासरी घ्या, नाहीतर परत मोजा. ज्या आकड्याच्या बाजूला यंत्र तारा किंवा कंस छापतं तो धरायचाच नाही.

पापणी उचलून धरायची वेळ आली तर बोटं भुवईच्या हाडावर टेकवा, डोळ्यावर नको. बोटाचा नुसता भार पडला तरी आकडा चारपाचने सहज चढतो. पुरुषांत शर्टाची वरची गुंडी सोडायला सांगा. जाड मानेचा माणूस हनुवटीच्या पट्टीवर वाकला आणि कॉलर आवळली की प्रेशर वाढलेलंच दिसतं.

आता पाठवायचं कधी? साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा पट्टा धरतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2017 च्या सूचनांत 24 किंवा वर असेल तर पाठवा असं आहे, पण तो आकडा गोल्डमन पद्धतीने मोजलेला हवा, फुंकरीचा नव्हे. आपल्याकडे दुकानात गोल्डमन नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळेला एकदा फुंकर परत मारून बघा. प्रेशर दिवसभरात तीन ते सहाने खालीवर होतंच, बऱ्याच जणांचं सकाळी चढतं. काचबिंदूच्या डोळ्यात हा हेलकावा दहाच्याही पुढे जातो. म्हणून दुपारी चारला 19 निघालेला माणूस सुटला असं समजू नका, आणि आकड्याशेजारी वेळ लिहायला विसरू नका.

गोल्डमनमध्ये काय होतं तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला माणसाला समजावता येईल. डोळ्यात बधिर करायचा थेंब, मग फ्लोरेसिनचा पिवळा रंग. निळ्या उजेडात कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, छोटा प्रिझम टेकवतात आणि 3.06 मिमी व्यासाचा गोल सपाट होईपर्यंत दाब वाढवतात. दिसतात दोन हिरवी अर्धवर्तुळं. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की चक्रीवरचा आकडा गुणिले दहा. इथेच चुका होतात. रंग जास्त झाला की कडा जाड होतात आणि प्रेशर जास्त निघतं, रंग कमी पडला की कडा बारीक आणि प्रेशर कमी. सिलिंडरचा नंबर तीनच्या वर असेल तर प्रिझम तसाच ठेवून चालत नाही. एकदा आडवा, एकदा उभा असं मोजून सरासरी काढतात, नाहीतर प्रिझमवरची लाल खूण अक्षाला लावून घेतात.

डोळे आलेल्यांची साथ असताना तो प्रिझम नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं मला पटत नाही. एकास दहा ब्लीचमध्ये पाच मिनिटं बुडवायचा, मग स्वच्छ पाण्याने धुवून कोरडा करायचा. धुणं राहिलं तर पुढच्या पेशंटच्या कॉर्नियाची साल निघते.

त्यानंतर पॅकिमेट्री, म्हणजे कॉर्नियाची जाडी. सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास. पातळ कॉर्नियावर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, जाड कॉर्नियावर जास्त. ज्यांनी चष्मा घालवायला लेसर करून घेतलंय त्यांचा आकडा तर फसवाच. अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात प्रेशर वाढलेल्या लोकांमध्ये 555 किंवा कमी जाडी असणाऱ्यांना काचबिंदूचा धोका 588 च्या वर असणाऱ्यांच्या तिप्पट निघाला. एवढं असूनही जाडीवरून प्रेशर 'दुरुस्त' करायची जी कोष्टकं मोबाइलवर फिरतात ती वापरू नका. एकही भरवशाचं नाही. पातळ, मध्यम की जाड, एवढंच ध्यानात ठेवायचं.

फील्डवाली

मी फक्त फील्डपुरतं, म्हणजे आजूबाजूची नजर कुठे कमी झालीय ते बघायच्या तपासणीपुरतं बोलते, कारण सगळ्यात जास्त खराब होणारी तपासणी तीच, आणि निम्मी खराबी माणसाला आधी न सांगितल्यामुळे होते.

हम्फ्री नावाच्या फील्डच्या यंत्रावर बहुतेक ठिकाणी 24-2 हा प्रकार लावतात. 54 बिंदू, सहा-सहा अंशांवर. सिटा स्टँडर्ड पद्धतीला एका डोळ्याला सहासात मिनिटं, सिटा फास्टला तीनचार. माणसाला सांगायचं ते असं, शब्दशः: "मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघत राहायचं. बाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण. ठिपका शोधायला नजर फिरवायची नाही. निम्मे ठिपके दिसणारच नाहीत, यंत्र मुद्दाम अंधूक करत नेतं, घाबरायचं नाही. पापणी बटण दाबताना मिटायची. दमलात तर बटण दाबून धरा, यंत्र थांबतं." हे शेवटचं वाक्य कुणी सांगत नाही. मग आजी गळपटलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत बसतात आणि कागदावर चार पाकळ्यांचं फूल उमटतं. मधले चार ठिकाणचे बिंदू सुरुवातीला तपासलेले असतात, ते चांगले, नंतरचे सगळे काळे. तो काचबिंदू नाही, कंटाळा आहे.

जन्मतारीख! आपल्या भागात पन्नाशीपुढच्या निम्म्या लोकांची तारीख 1 जून. शाळेत मास्तरांनी घातलेली. यंत्र प्रत्येक बिंदूची तुलना त्या वयाच्या निरोगी माणसाशी करतं, त्यामुळे वय दहा वर्षांनी चुकलं तर निकाल सरकतो. आणि दर वेळी वेगळी तारीख टाकली तर जुने-नवे फील्ड यंत्रात जुळतच नाहीत, दोन वेगळी माणसं होऊन बसतात. चिठ्ठीवर तुम्हीच एक तारीख पक्की करून लिहा.

नंबरही लिहा, ताजा. यंत्राच्या वाडग्याचं अंतर 30 सेंमी आहे, म्हणून लांबच्या नंबरात वयाप्रमाणे भर घालून काच लावतो. साठीपुढे +3.25, पंचावन्न ते एकोणसाठ +3.00. या बाईंना +2.75 अधिक +3.00, म्हणजे +5.75. जाड काच आहे, डोळ्यापासून जरा लांब राहिली की तिच्या कडेचा काळा वळसा फील्डवर छापला जातो. स्वतःचा बायफोकल घालून फील्ड द्यायचं नसतं, पण सगळे चष्मे सोबत न्यायला सांगा. वरची पापणी लोंबत असेल तर मायक्रोपोर पट्टीने उचलून चिकटवतो, नाहीतर वरचा पट्टा सगळा काळा येतो.

कागदावर आधी डावीकडे वरचे तीन आकडे बघायचे. नजर ढळल्याचे 20 टक्क्यांच्या आत, खोटं बटण (ठिपका नसताना दाबलेलं) 15 च्या आत, खोटा नकार (दिसायला हवा त्या ठिपक्याला न दाबलेलं) 33 च्या आत. खोटं बटण जास्त असेल तर चित्रात पांढरेफटक ठिगळ दिसतात आणि माणूस खुशीत असतो की आपली नजर छान आली. तो कागद सरळ रद्द. पहिलं फील्ड बिघडलेलं आलं तरी घाबरायचं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला हात बसतो.

विटेकर चष्मेवाले

1 जूनचं वाचून हसू आलं, पण खरंय. आमच्या रजिस्टरात तीच तारीख भरलीय सगळीकडे. म्हणजे बाईंना एनसीटी परत करून, 20-19 च्या आत आलं तर सहा महिन्यांनी बोलावतो. बरोबर ना?

साताऱ्याचे डॉक्टर

नाही. थांबा.

सगळे प्रेशरवर बोलताहेत. बाईंचा नंबर +2.75 आहे, वय 58, त्यात बाई, आणि भावाला काचबिंदू. डोळा आखूड असणार, कोन, म्हणजे कॉर्निया आणि रंगीत पडदा यांच्यामधली सांध, अरुंद असायची शक्यता मोठी. आपल्याकडे बंद कोनाचा काचबिंदू युरोपातल्यापेक्षा पुष्कळ जास्त सापडतो. आज फुंकरीला 20 आलं म्हणून सहा महिने थांबवायचं नाही.

तुमच्याकडे स्लिट लॅम्प आहे ना? मग फुंकरीपेक्षा उपयोगाची तपासणी तुमच्या हातात आहे. उजेडाची फट शक्य तितकी बारीक करा, 60 अंशांवर बाजूने आणा आणि कॉर्निया जिथे पांढऱ्याला मिळतो त्या कानाकडच्या कडेवर टाका. कॉर्नियाची उजळ पट्टी दिसेल, तिच्या मागे काळी पोकळी, मग बुबुळाच्या रंगीत पडद्यावरचा उजेड. पोकळी पट्टीच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी किंवा कमी असली की कोन अरुंद समजायचा. याला व्हॅन हेरिक म्हणतात. फट नेमकी काठावर हवी. मध्याकडे सरकली की पोकळी भरपूर दिसते आणि आपण फसतो.

बाईंना नीट विचारा: अंधारात किंवा सिनेमागृहात, रात्री गाडीच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसते का? तेव्हा कपाळ दुखतं का, मळमळतं का, झोपून उठलं की जातं का? 'वाचताना डोकं दुखतं' एवढ्यावर सोडू नका. आणि बाहुली मोठी करायचे थेंब दुकानात कुणालाही टाकू नका.

पुढे डॉक्टर गोनिओस्कोपी करतात. सरळ बघून कोन दिसत नाही, कारण तिथून निघालेला उजेड कॉर्नियातच आत परत फिरतो. म्हणून आरशाची काच डोळ्यावर टेकवून बघावं लागतं. खोली अंधारी, उजेडाची फट आखूड, जेमतेम मिलिमीटरभर, आणि ती बाहुलीवर पडू द्यायची नाही. बाहुलीवर उजेड पडला की ती आकसते, कोन उघडतो आणि अरुंद कोनाचा पेशंट 'नॉर्मल' म्हणून घरी जातो. घाईच्या ओपीडीत नेमकं हेच होतं. अर्ध्याहून अधिक घेरात कोनातली मागची जाळी, जिच्यातून डोळ्यातलं पाणी बाहेर जातं, दिसली नाही तर कोन बंद होण्याजोगा धरतात, मग काच जरा दाबून बघतात की पडदा नुसता टेकलाय की चिकटलाय. नुसता अरुंद कोन म्हणून सरसकट लेसर नसतं. पण प्रेशर वाढलेलं किंवा चिकटलेलं असेल तर यॅग लेसरने पडद्याला बारीक भोक पाडतात.

डोळा अचानक लाल, भयंकर दुखतोय, धूसर, उलट्या, अशा माणसाला रात्री असेल तर रात्रीच पाठवा. पित्त म्हणून दोन दिवस गोळ्या खात बसलेल्याची डोळ्याची नस गेलेली असते.

मिरज ऑप्टोम

डॉक्टरांचं बरोबर, नंबराकडे माझं लक्षच गेलं नाही.

क्रम सांगायचा राहिला. आधी नजर आणि नंबर. मग फील्ड, डोळ्यात काहीही टाकायच्या आत. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवून बाहुल्यांची तुलना. स्लिट लॅम्प, जाडी, गोल्डमन, मग गोनिओ. गोनिओची जेल डोळ्यात राहते, त्यानंतर गोल्डमन घेतलं तर रंगाचा खेळखंडोबा. बाहुली मोठी करणं अगदी शेवटी, कोन बघून झाल्यावरच. सकाळी साडेनऊला गाठलं तर दिवसात होतं. ज्याचं फील्ड दमल्यामुळे बिघडलं त्याला दुसऱ्या दिवशी यावं लागतं, हे आधी सांगितलेलं बरं.

तासगाव मेडिकल

एक मध्येच विचारतो. सांगलीत आता ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या नसेचं स्कॅन, करून मिळतं. चिठ्ठी देऊन आधी तेच करून आणायला सांगितलं तर डॉक्टरांचा वेळ वाचणार नाही का? हिरवं आलं की विषय संपला.

साताऱ्याचे डॉक्टर

हिरव्यावर विषय संपत नाही, तिथेच गडबड आहे. ओसीटी नसेच्या टोकाभोवती साधारण साडेतीन मिलिमीटरच्या वर्तुळावर तंतूंच्या थराची जाडी मोजतं आणि यंत्रातल्या निरोगी लोकांच्या यादीशी ताडतं. पिवळा म्हणजे शंभर निरोगी माणसांतल्या तळच्या पाचांत, लाल म्हणजे तळच्या एकात. म्हणजे निरोगी माणसालाही लाल येऊ शकतं. मोठ्या मायनस नंबराच्या डोळ्यात तंतूंचे जाड पट्टे जरा सरकलेले असतात, तिथे हमखास लाल येतं आणि रोग नसतो. उलट, जाड थर घेऊन जन्मलेल्याचे बरेच तंतू गेले तरी पट्टी हिरवीच राहते. सिग्नल दहापैकी सहाच्या खाली असेल तर कागद वाचूच नये. मोतीबिंदू, कोरडा डोळा, काचेवरचं बोट, कशानेही सिग्नल पडतो. आणि या बाईंचा कोन अरुंद असेल तर ओसीटीच्या सुंदर रंगीत कागदाने काय कळणार?

नस डॉक्टरांनी भिंग लावून बघायला हवी. 78 किंवा 90 डायॉप्टरचं. उभा कप-डिस्क आकडा, म्हणजे नसेच्या टोकाच्या (डिस्कच्या) किती हिश्शात मधला खळगा आहे तो, 0.7 च्या वर, किंवा दोन डोळ्यांत 0.2 पेक्षा जास्त फरक, म्हणजे संशय. पण डिस्क मोठी असली तर 0.7 जन्मजात असू शकतो, आणि बारक्या डिस्कमध्ये 0.4 सुद्धा वाईट. आकड्यापेक्षा काठ बघतात. तो सहसा खाली सगळ्यात जाड, मग वर, मग नाकाकडे, कानाकडे सगळ्यात पातळ. खालच्या किंवा वरच्या टोकाला खाच पडली, काठावर रक्ताची बारीक रेघ दिसली, की प्रेशर 16 असलं तरी सोडायचं नाही. दक्षिण भारतातल्या गावोगावच्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू सापडला त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना आधी पत्ताच नव्हता, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं प्रेशर त्या दिवशी 21 च्या आत होतं.

खाच कुठे आहे आणि फील्डमधला डाग कुठे आहे हे उलटं जुळायला हवं. नस खाली खराब तर फील्ड वर काळं. जुळलं नाही तर दोन्ही तपासण्या संशयाने बघायच्या. आणि दोन्ही डोळ्यांत डाग मधल्या उभ्या रेषेवर कापल्यासारखा थांबत असेल तर तो डोळ्याचा नसून मेंदूचा प्रश्न, एमआरआय लागतो.

मेडिकलवाल्यांना माझी उलट विनंती. फवारणीनंतर डोळे चुरचुरतात म्हणून बागाईतदार डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असे स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय मागतात. काही लोकांचं प्रेशर त्याने तीनचार आठवड्यांत चढतं आणि डोळा दुखत नाही, म्हणून कळत नाही. बाटली परत परत देऊ नका.

तासगाव मेडिकल

मान्य. गिऱ्हाईक जुनं खोकं दाखवून तेच मागतं, पण मान्य.

विटेकर चष्मेवाले

बाईंना बोलावून व्हॅन हेरिक केलं. दोन्ही डोळ्यांत पोकळी चौथ्या हिश्शापेक्षा कमीच आहे. रात्री एसटीच्या दिव्याभोवती कडी दिसतात, मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून बोलल्या नव्हत्या. उद्याच पाठवतोय. चिठ्ठी अशी लिहिलीय, बघा:

"बाई, वय 58, जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे. नंबर दोन्ही +2.75, चष्मा लावून 6/6. एनसीटी उजवा 24, 21, 20, डावा 19, 18, 19. परत उजवा 20, 21, 20, डावा 18, 19, 18. व्हॅन हेरिक दोन्ही चौथ्या हिश्शाच्या आत. दिव्याभोवती कडी दिसतात, कपाळ दुखतं. मोठ्या भावाला काचबिंदू. डोळ्याचं ऑपरेशन किंवा लेसर नाही. स्टिरॉइड थेंब नाहीत. कोन तपासून मगच बाहुली मोठी करावी ही विनंती."

साताऱ्याचे डॉक्टर

छान आहे. चारपाच शब्द घाला. दमा आहे का लिहा, काचबिंदूचा टिमोलोलचा थेंब दम्याच्या माणसाला धोक्याचा. रक्तदाब, हृदयाचा त्रास, आणि सर्दीच्या किंवा पोटदुखीच्या गोळ्या चालू आहेत का तेही लिहा, अरुंद कोनात त्या त्रास देतात. डोळ्याशिवाय स्टिरॉइड, म्हणजे दम्याचा पंप, गोळी, त्वचेचं मलम, हेही विचारा. भावाला काचबिंदू कितव्या वर्षी आणि कुठला सापडला, माहीत असेल तर. आणि बाईंच्या बाकीच्या बहीण-भावंडांनाही तपासणीला बोलवा.

मिरज ऑप्टोम

दोन्ही एनसीटींची वेळ कुठेय?

शिवाय एनसीटीचा कागद चिठ्ठीला नुसता डकवू नका, तो उष्णतेवर छापणारा कागद असतो, सहा महिन्यांत कोरा होतो. झेरॉक्स काढून लावा. सोबत एक माणूस द्या. बाहुली मोठी केली तर चारसहा तास जवळचं दिसत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, त्यामुळे परत येताना मोटारसायकल त्यांनी चालवायची नाही.

विटेकर चष्मेवाले

पहिलं दुपारी 4:10, दुसरं सकाळी 10:30. लिहिलं. दमा नाही, पण सर्दीची गोळी चालू आहे. बंद करायला सांगितलं.

साताऱ्याचे डॉक्टर

बंद केली तेही चिठ्ठीवर लिहा, गोळीच्या नावासकट.